धरणाखाली गाव गेले, आमचा कागद कुठे गेला?

मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षे होऊन गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाचे काम अडवले. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांच्या आसपास माणसे या धरणामुळे उठणार होती. वीज जाणार होती मुंबईच्या गिरण्यांना आणि पाणी येणार होते आमच्या घरांवर. १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला गेला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांची नावे या लढ्याशी जोडली गेली. बापटांना पुढे रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. तरीही धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याच्या वीजघरातून वीज वाहू लागली.

हा इतिहास आज आपल्याला कळतो, कारण कुणीतरी कागद शोधले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी सरकारी दप्तरे, वर्तमानपत्रे आणि आठवणी धुंडाळून मुळशी सत्याग्रहावर पुस्तक लिहिले. मावळ्यांच्या अंगावर फक्त कंपनी नव्हती, पुण्याचे सावकारही होते. बरीच जमीन सावकारांच्या नावावर गेलेली होती, त्यामुळे नुकसानभरपाईचा मोठा वाटाही त्यांच्याकडेच गेला. हे कागदामुळेच सिद्ध झाले.

आता माझा प्रश्न. पन्नास गावे बुडाली म्हणजे पन्नास गावांचे महारवाडेही बुडाले. मांगवाडेही गेले, चांभारांची घरेही गेली. त्यांचे काय झाले? सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला भरपाई, हा कायदा. पण महाराचे पोट नुसत्या जमिनीवर नव्हते. बलुते होते, वतनाचा तुकडा होता, मेल्या जनावराचा हक्क होता. गाव उठले तेव्हा शेताची किंमत निवाड्यात लिहिली गेली. बलुत्याची किंमत कुणी लिहिली? वतनाच्या जमिनीची भरपाई कुणाच्या हातात पडली? आमची माणसे तिथून कुठे गेली? मुंबईच्या गोदीत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, की शेजारच्या गावाच्या महारवाड्यात पाहुणी म्हणून?

या प्रश्नांची उत्तरे ज्या कागदांत असू शकतात ते कागद म्हणजे भूसंपादनाचे निवाडे, गावांची इनामपत्रके, जन्ममृत्यूची कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे आणि महसूल खात्याचा पत्रव्यवहार. हे कुठल्या एका ठिकाणी, यादीसकट, सामान्य माणसाला हाताळता येतील असे ठेवलेले नाहीत. म्हणून हा लेख. सार्वजनिक पुराभिलेखागाराला पैसा द्या, ते वाढवा, ही मागणी आपल्या चळवळीच्या मागण्यांच्या यादीत यायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

साक्षीदार आम्ही, दप्तर त्यांच्या घरी

जुन्या गावगाड्यात गावाच्या हद्दीचा वाद झाला की महाराला बोलावत. शीव कुठून जाते, धोंडा कुठे पुरला, ओढ्याच्या अलीकडे कुणाची जमीन, हे त्याला माहीत असे आणि त्याचा शब्द ग्राह्य धरत. सरकारी भरणा तालुक्याला पोचवायचा तोही महारानेच. म्हणजे गावची स्मृती महाराच्या डोक्यात होती. पण गावचे दप्तर मात्र कुळकर्ण्याच्या घरी. तोंडी साक्ष आमची, लेखी नोंद त्यांची. साक्ष देणारा मेला की साक्ष संपली, लिहिणारा मेला तरी वही उरली. वही ज्याच्याकडे, इतिहास त्याचा आणि जमीनही त्याचीच.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला सत्ता आणि ज्ञान यांचे नाते शिकवले. मला ते पुस्तकापेक्षा जास्त समजले ते वस्तीतल्या मुलांचे जात पडताळणीचे कागद जमवताना. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेला नसतो, कारण त्याला जाऊ दिलेले नसते. मग कोतवाल बुकातली नोंद शोधायची. एका कार्यालयात मला सांगण्यात आले की त्या वर्षांची बुके वाळवीने खाल्ली. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की नोंद मोडीत आहे, वाचणारा माणूस निवृत्त झाला. ज्या गावाची नोंद मागतोय ते गावच पाण्याखाली असेल तर त्या मुलाने काय करायचे? धरणाने एकदा उठवले, कागदाने दुसऱ्यांदा उठवले.

वतनाचा कागद म्हणजे कोट्यवधींची जमीन

वतनाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणून मांडला. १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा करून महाराला वेठबिगारीतून सोडवणे हा त्यामागचा हेतू होता. महार वतन म्हणजे मान नव्हे, बेडी आहे, हे त्यांनी आपल्या समाजालाही निक्षून सांगितले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली. जमीन सरकारजमा झाली, आणि ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती नव्या शर्तीने पुन्हा देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही.

आता बघा, किती महारांना ही रक्कम मुदतीत भरायची असते हे माहीत होते? किती जणांकडे ती होती? किती जमिनी सरकारच्या नावावर राहिल्या, किती कुणाच्या तरी ताब्यात गेल्या? गावोगावी याचे उत्तर फेरफार नोंदीत आहे, इनाम जमिनीच्या नोंदवहीत आहे. २०२५ च्या अखेरीस पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा सगळ्या राज्याला कळले की हे जुने कागद किती मोलाचे आहेत.

मुळशी तालुका आज पूर्वीचा मावळ राहिलेला नाही. हिंजवडी, माण, बावधन, सूस, भूगाव ही गावे याच तालुक्यातली. आयटी पार्क, टोलेजंग इमारती, फार्महाऊस, डोंगरावर लवासा. जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या हाडोळ्याच्या तुकड्याकडे पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हते, त्या तुकड्याचा जुना कागद हरवणे आज कुणाच्या तरी फायद्याचे आहे. म्हणून वाळवी आणि पावसाळी गळती यांना मी नैसर्गिक आपत्ती म्हणत नाही. छप्पर दुरुस्त करायचे नाही हा निर्णय असतो आणि तो माणूस घेतो.

महाडची लढाई कागदावरही झाली

काही कार्यकर्ते म्हणतात, आपली चळवळ रस्त्यावरची, कागदपत्रांच्या खोलीत बसणे हे पंडितांचे काम. त्यांना महाडची आठवण द्यावी लागते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो, हे प्रत्येक लेकराला माहीत आहे. पण त्यानंतरची दहा वर्षे? १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे त्यांचे म्हणणे. महाडचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ ला अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला.

हा निकाल कशावर लागला? तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, खासगी नाही, हे सिद्ध झाले. आणि वहिवाट अनादी आहे हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे जुने कागद, पालिकेचे ठराव, साक्षीपुरावे यांचा कीस पाडून ही लढाई जिंकली गेली. तळ्यावर हजारो माणसे गेली म्हणून इतिहास घडला, आणि कोर्टात कागद उभे राहिले म्हणून तो टिकला. यातले एक घेऊन दुसरे टाकता येत नाही.

पुण्यातली तीन दप्तरे

पुण्यात पुराभिलेखागाराची दगडी इमारत आहे, लोक तिला पेशवे दप्तर म्हणतात. १८९१ च्या सुमारास ती बांधून झाली. आत सुमारे ३९ हजार रुमाल आहेत, कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत. हे सगळे इंग्रजांनी इतिहासाच्या प्रेमाने जपले असे समजू नका. १८५० च्या दशकातल्या इनाम कमिशनला कुणाचे इनाम खरे आणि कुणाचे खोटे हे तपासायचे होते. करमाफ जमिनीवर कर बसवायचा तर जुना कागद हवा, म्हणून दप्तर गोळा झाले. देशी अभ्यासकांना तिथे सहज शिरता येत नव्हते. १९३० च्या आसपास गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, तेव्हा दार थोडे किलकिले झाले.

दुसरे दप्तर टाटांचे. ज्या उद्योगसमूहाने मुळशीचे धरण बांधले, त्याने १९९१ साली आपले स्वतंत्र अभिलेखागार स्थापन केले आणि ते आज पुण्यातच आहे. व्यवस्थित इमारत, जपणूक, याद्या. मी याबद्दल कंपनीला नावे ठेवत नाही. उलट हे शिकण्यासारखे आहे. आपली पत्रे, नकाशे, छायाचित्रे यांची किंमत त्यांना कळली आणि त्यांनी त्यावर पैसा खर्च केला.

तिसरे दप्तर आपले. ते कुठे आहे? ते वस्तीतल्या पत्र्याच्या पेटीत आहे. समता सैनिक दलाची ओळखपत्रे, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या गावसभांचे हस्तलिखित ठराव, पंचायतीने घातलेल्या बहिष्काराविरुद्धचे अर्ज, भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलमध्ये गेलेल्यांचे दाखले, जलशांच्या वह्या, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक. म्हातारी गेली की पेटी भंगारात जाते.

धरण बांधणाऱ्याचे दप्तर शाबूत, राज्य करणाऱ्याचे दप्तर शाबूत, बुडालेल्याचे दप्तर नाही. मग शंभर वर्षांनी इतिहास कोण लिहिणार आणि कुणाच्या कागदावरून लिहिणार?

आणि पेशवे दप्तर आपले नाही, असेही समजू नका. पेशवाईत राज्यसंस्था जातीची बंधने हुकूम काढून कशी राबवत होती, हे हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने पेशव्यांच्या छापील रोजनिशांतून दाखवून दिले. जपानहून माणूस येतो, मराठी कागद वाचतो आणि आपल्या पूर्वजांवरच्या जुलमाचा पुरावा जगापुढे ठेवतो. आपल्यातले किती जण त्या इमारतीच्या पायऱ्या चढले? मोडी येणारी आपली किती मुले आहेत?

पुणे जिल्ह्याचेच आणखी एक उदाहरण. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. त्याआधी त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि सरकारकडे दीड हजारांवर सह्यांचा अर्ज पाठवला. बाबासाहेब तेव्हा शाळकरी होते. त्या दीड हजार सह्या म्हणजे दीड हजार माणसे. लिहिता येत नसताना निशाणी अंगठा करून सरकारपुढे उभे राहिलेले आपले पणजोबा. त्यांच्या नावांची यादी आज प्रत्येक गावाच्या विहारात लावलेली असायला हवी होती.

सरकारला हवे असते तेव्हा सगळे जमते

'निधी नाही, माणसे नाहीत, मोडी वाचक मिळत नाहीत' ही उत्तरे आपण ऐकतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचे ठरले. काही महिन्यांत राज्यभर तहसील, भूमी अभिलेख, शाळा, कारागृहे यांची जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचक मिळाले, कागद स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. ज्या समाजाच्या नोंदी सापडल्या त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने रेटा लावला आणि यंत्रणा हलली. मला एवढेच म्हणायचे आहे की यंत्रणा हलू शकते हे सिद्ध झाले. मग महार वतनांच्या नोंदी गावनिहाय का लागू नयेत? १९५० पूर्वीच्या अनुसूचित जातींच्या नोंदी त्याच पद्धतीने का उघडू नयेत?

उलट आपल्या बाबतीत काय झाले ते आठवा. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे छापण्यासाठी १९७६ साली समिती झाली, वसंत मून यांनी जिवाचे रान करून खंड काढले. पण २०२१ साली 'लोकसत्ता'ने बातमी दिली की नऊ लाख प्रती छापण्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि प्रती निघाल्या फक्त ३३ हजार. कागद गोदामात पडून. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही गत, तर मुळशीच्या एखाद्या गंगुबाईच्या पेटीतल्या कागदाला कोण विचारतो?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: पोटाचा प्रश्न आधी, कागद नंतर. याचे उत्तर वर दिले आहे. जात पडताळणी, शिष्यवृत्ती, नोकरी, वतनाची जमीन, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, सगळे कागदावर अडते. कागद हा पोटाचाच प्रश्न आहे. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ ला आला, मुळशी बुडून अर्धे शतक झाल्यावर. ज्यांची नोंदच नाही त्यांना मागचा हिशेबही मागता येत नाही.

दुसरा आक्षेप: मोबाईलवर फोटो काढून ठेवले की झाले. नाही. कुठल्या गावचा, कुठल्या साली, कुणी दिला, कुठल्या फाईलमधला, हे लिहिलेले नसेल तर तो फोटो कोर्टात पुरावा होत नाही आणि अभ्यासकाच्या उपयोगाचा नाही. फोन बदलला की फोटो गेला. स्कॅनिंग हवेच, पण मूळ कागद, यादी आणि सांभाळणारी पगारी माणसे त्याच्या मागे हवीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सरकारच्या हाती आपला ठेवा का द्यायचा? उद्या सरकारने तो दडपला तर? ही भीती खोटी नाही. पण खासगी विश्वस्तांच्या हातीही ठेवा सुरक्षित असतोच असे नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, तो कुठल्या परक्या राजवटीने नाही. म्हणून माझा मार्ग असा: मूळ कागद सार्वजनिक अभिलेखागारात, लेखी करारावर, एक प्रत गावच्या विहारात, एक प्रत विद्यापीठात. तीन ठिकाणी असलेली गोष्ट एका रात्रीत नष्ट करता येत नाही. आणि सार्वजनिक संस्था असली की तिला माहिती अधिकारात जाब विचारता येतो. खासगी कपाटाला विचारता येत नाही.

काय मागायचे, काय करायचे

मुंबईत नवे पुराभिलेख भवन उभारण्याची घोषणा सरकारने केली आहे. चांगले आहे. पण इमारतीच्या बरोबरीने आत काय जाणार हे आत्ताच ठरले पाहिजे. आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात:

१. पुणे पुराभिलेखागाराला इमारत दुरुस्ती, आगप्रतिबंध, स्कॅनिंग आणि रिक्त पदे यांसाठी दरवर्षीची निश्चित तरतूद. हा पैसा सांस्कृतिक कार्य विभागाच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून यावा. अनुसूचित जाती घटक योजनेतून वळवलेला नको. शिष्यवृत्तीचा पैसा कापून इतिहास जपायचा नाही.

२. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाची तालुका पातळीवर अंमलबजावणी. पौडच्या तहसीलपासून प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या नोंदींची यादी जाहीर करावी. यादी न करता एकही गठ्ठा नष्ट करू नये.

३. मुळशी धरणाच्या भूसंपादनाचे निवाडे, नकाशे आणि बुडालेल्या गावांच्या नोंदी स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या कराव्यात.

४. महार वतन जमिनींचा गावनिहाय अभिलेख तयार करावा.

५. पुण्यात बार्टी आहे. तिथून आपल्या मुलामुलींसाठी मोडी आणि अभिलेख जतनाचे पूर्ण वेळ विद्यावेतनासह प्रशिक्षण सुरू व्हावे, आणि त्यांना पुराभिलेखागारात काम मिळावे.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी, वस्तीवस्तीत जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. त्यांच्याकडे ना निधी होता ना कार्यालय. चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांच्या चरित्रासाठी आयुष्यभर कागद गोळा केले. आपल्याकडे तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि रेकॉर्डर आहे.

येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एवढे करावे. ग्रंथवाचनासोबत एक दिवस कागदवाचनाचा ठेवावा. घरोघरच्या पेट्या उघडाव्यात. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने नव्हे, तर वेगळ्या वहीत नोंद करावी: कुणाचा, कुठला, कधीचा, कुणी दिला. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची साक्ष रेकॉर्ड करावी, विशेषतः आयाबायांची. कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आणि प्रत्येक तालुक्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज जाऊ द्या: आमच्या तालुक्यात जुने कोणते अभिलेख आहेत, त्यांची यादी द्या. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ती ठेवणे त्यांचे कर्तव्य आहे.

महाराच्या तोंडी साक्षीवर गावची शीव ठरत होती. आता साक्ष लिहून ठेवायची वेळ आहे, आणि ती लिहिलेली वही या वेळी कुळकर्ण्याच्या घरी नाही, सर्वांच्या मालकीच्या इमारतीत ठेवायची आहे.

जय भीम! जय संविधान!